ताशी २४ किलोमीटरची राणी

शुक्रवारी रात्री साडेदहाला आमचं त्रिकूट ऑनलाइन जमतं. मी पुण्यात, एक बंगळुरूला आणि एक न्यू जर्सीत. (तिसऱ्याची तेव्हा दुपार असते आणि ऑफिसच्या कॅलेंडरवर त्याने 'फोकस टाइम' लावलेला असतो. असो.) हॉस्टेलवर असताना काउंटर स्ट्राइक खेळायचो. आता वय झालं, बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत, म्हणून 'वर्ल्ड ऑफ टँक्स'. १५ विरुद्ध १५ रणगाडे, साधारण एक किलोमीटर लांब-रुंद मॅप आणि जास्तीत जास्त १५ मिनिटांचा खेळ. चहा गार व्हायच्या आत निकाल.

गेल्या शुक्रवारी मी माटिल्डा घेतली. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश रणगाडा. दिसायला एखाद्या लठ्ठ, ठेंगण्या कासवासारखा. समोरून गोळे येत होते आणि टणाटण उडून जात होते. मी मजेत. एका गल्लीच्या तोंडाशी तिरका उभा राहून मी तीन गडी गारद केले आणि हेडफोनमध्ये स्वतःचं कौतुक स्वतःच करून घेत होतो. तेवढ्यात बंगळुरूहून आवाज आला, "अरे बेस! बेसवर तिघं शिरलेत! मागे ये!"

आता गणित बघा. तिघं बेसवर उभे राहिले तर बेस जायला अर्धा मिनिट लागतो. मी ६०० मीटर लांब. चढ-उतार धरून माझा वेग ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. पोचायला लागणार पावणेदोन मिनिटं. मी निघालो, इमानदारीत निघालो, आणि निम्म्या वाटेतही पोचलो नव्हतो तेव्हा स्क्रीनवर पराभवाची पाटी झळकली. मला एक खरचटाही नव्हता. न्यू जर्सीवाला म्हणाला, "तू नगरहून येणार होतास का रे?"

त्याने नगर म्हटलं त्याला कारण आहे, ते शेवटी सांगतो. पण झोप काही येईना, म्हणून खऱ्या माटिल्डाचं काय झालं होतं ते वाचत बसलो. शनिवार गेला, रविवारची सकाळ गेली. आणि मग लक्षात आलं की माझी जी फजिती झाली तीच त्या रणगाड्याची पूर्ण कहाणी आहे. फरक एवढाच की तिथे आत चार माणसं बसलेली असायची आणि त्यांना पुढच्या मॅचचं बटण नव्हतं.

*

आधी हा कासव असा का झाला ते बघू. कारण आपल्याला वाटतं की हळू चालणारा रणगाडा म्हणजे डिझाइन करणाऱ्याची चूक. तसं नाहीये.

पहिल्या महायुद्धात रणगाडा जन्माला आला तो खंदकांमुळे. समोर काटेरी तारा आणि मशीनगन, त्यात पायदळ चालत जाणार म्हणजे मरायलाच जाणार. रणगाड्याने पुढे जाऊन तारा तुडवायच्या, मशीनगनची तोंडं बंद करायची आणि मागून माणसांनी चालत यायचं. त्या युद्धानंतर ब्रिटिशांनी रणगाड्यांची कामं दोन भागांत वाटली. एक 'क्रूझर', म्हणजे वेगवान, पातळ चिलखताचे, घोडदळाचं जुनं काम करणारे. दुसरा 'इन्फन्ट्री टँक', म्हणजे पायदळाच्या सोबतीने चालणारा. आता पायदळाचा माणूस पाठीवर ओझं घेऊन चालणार ताशी चार-पाच किलोमीटरने. रणगाडा चाळीसने पळाला तर तो एकटाच पुढे जाऊन मरेल आणि माणसं मागे मरतील. म्हणजे रिक्वायरमेंटमध्ये वेग लिहिलेला होता, फक्त तो चालणाऱ्या माणसाचा वेग होता!

त्यातून १९३०च्या दशकाच्या शेवटी माटिल्डा आली. (हिच्या आधी याच नावाचा एक छोटा, फक्त मशीनगनवाला भाऊ होता, मी बोलतोय ते दुसऱ्या, मोठ्या माटिल्डाबद्दल.) वजन सुमारे २७ टन. समोरचं चिलखत ७८ मिलिमीटर. हा आकडा नुसता ऐकून काही वाटत नाही, म्हणून तुलना करा: १९४० साली जर्मनांच्या चांगल्यातल्या चांगल्या रणगाड्यांचं समोरचं चिलखत ३० मिलिमीटरच्या आसपास होतं. म्हणजे माटिल्डा अडीचपट जाड. आणि तिरकी उभी केली तर आणखी जाड. ३० अंशांत वळवली की ७८ चे ९० होतात. अकरावीचं कोसाइन, दुसरं काही नाही.

इंजिन? इथे मजा आहे. एवढं वजन ओढेल असं एक इंजिन हाताशी नव्हतं, म्हणून बसला लावतात त्या जातीची दोन डिझेल इंजिनं शेजारी-शेजारी बसवली. प्रत्येकी ८७ हॉर्सपॉवर. म्हणजे आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या दोन स्विफ्ट जुंपा आणि त्यांच्यामागे २७ टन बांधा. रस्त्यावर ताशी २४ किलोमीटर, कच्च्या जमिनीवर जेमतेम १४-१५.

आणि ही बनवली कोणी? मुख्य काम होतं इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीकडे. नाव ओळखीचं वाटतंय? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली गाडी धावली, त्या जीआयपी रेल्वेची पहिली इंजिनं याच कारखान्यातून आली होती. रेल्वे इंजिन बनवणाऱ्यांना जाड पोलादाचं ओतकाम येतं, म्हणून त्यांना रणगाड्याचं काम मिळालं. माटिल्डाकडे बघितलं की हे पटतं. ती थोडी रुळावरून उतरलेल्या इंजिनासारखीच दिसते.

आता हिची एक खोट, जी आधीच सांगून ठेवतो कारण पुढे तीच नडणार आहे. तोफ. 'टू पाउंडर', म्हणजे जेमतेम एक किलोचा, ४० मिलिमीटर जाडीचा गोळा फेकणारी. १९४० साली समोरच्या रणगाड्याचं चिलखत फोडायला ती उत्तम होती. पण हा गोळा म्हणजे भरीव पोलादाचा तुकडा. फुटणारा, आत दारू भरलेला गोळा रणगाड्यांना दिलेलाच नव्हता. विचार असा की रणगाड्याने रणगाड्यावर मारावं, लपलेल्या तोफांचं आपला तोफखाना बघून घेईल. कागदावर एकदम स्वच्छ. प्रत्येक मॉड्यूलची एकच जबाबदारी. आम्ही पण असंच लिहितो आणि मग प्रॉडक्शनमध्ये रात्री दोनला उठून बसतो.

मग मोठी तोफ का नाही बसवली? कारण टरेटखालचं गोल भोक लहान होतं. मोठी तोफ त्यात मावेना. आर्किटेक्चर बदलल्याशिवाय अपग्रेड नाही. चालू द्या.

*

पहिली मॅच फ्रान्समध्ये झाली. २१ मे १९४०, आरास गावाजवळ. ब्रिटिशांनी दोन रेजिमेंट मिळून ७४ रणगाडे पाठवले, त्यात मोठ्या माटिल्डा फक्त १६. समोर रोमेलची सातवी पान्झर डिव्हिजन. जर्मनांच्या ३७ मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफा माटिल्डावर नुसत्याच वाजत राहिल्या. जर्मन सैनिक आपल्याच तोफेला 'दार वाजवणारी' म्हणायला लागले. (टोपणनावं ठेवण्यात सैनिक सगळ्या देशांचे सारखेच.) शेवटी रोमेलने नेहमीच्या तोफांबरोबर ८८ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा रणगाड्यांवर रोखल्या, तेव्हा कुठे हल्ला थांबला. ही ८८ लक्षात ठेवा. रोमेलने तर ठेवलीच.

दुसरी मॅच मात्र माटिल्डाची. आणि तिथे आपली माणसं होती.

१९४० च्या सप्टेंबरमध्ये इटालियन सैन्य लिबियातून इजिप्तमध्ये शिरलं आणि सिदी बरानीच्या आसपास तटबंदी छावण्या करून बसलं. त्यातली एक निबेइवा. समोर जनरल ओकॉनरच्या हाताखाली जेमतेम दोन डिव्हिजन, त्यातली एक चौथी भारतीय डिव्हिजन. आणि सातव्या रॉयल टँक रेजिमेंटच्या पन्नासच्या आसपास माटिल्डा.

ओकॉनरने काय केलं ते बघण्यासारखं आहे. पहिलं म्हणजे तालीम. नोव्हेंबरच्या शेवटी वाळवंटात छावणीची हुबेहूब आखणी करून सैनिकांकडून 'सराव क्रमांक एक' करून घेतला. बहुतेकांना हे खऱ्याची तालीम आहे हे सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं डिसेंबरात 'सराव क्रमांक दोन' असेल. (थोडक्यात, स्टेजिंगवर टेस्ट करूनच लाइव्ह गेले.) दुसरं म्हणजे छावणीभोवती सुरुंग होते, पण मागच्या बाजूने, वायव्येकडून, इटालियनांच्याच रसदीच्या गाड्या ये-जा करायच्या. तिथे सुरुंग नव्हते. हल्ला तिथून करायचा ठरला. तिसरं म्हणजे आवाज. पन्नास माटिल्डा रात्री वाळवंटातून सरकणार म्हणजे केवढा खडखडाट! तो दबावा म्हणून वर विमानं घिरट्या घालत ठेवली. पहाटे पूर्वेकडून राजपूत पलटणीने गोळीबार करून इटालियनांचं लक्ष तिकडे ओढून घेतलं.

९ डिसेंबर १९४०, सकाळी सव्वासातच्या सुमारास तोफा सुरू झाल्या आणि माटिल्डा मागच्या दाराने आल्या. तिथे वीस-बावीस इटालियन रणगाडे उभे होते, इंजिनं गार. ते काही मिनिटांत संपले. मग माटिल्डा आत शिरल्या. इटालियन तोफखान्याची माणसं शेवटपर्यंत तोफांना चिकटून लढली, अगदी जवळून गोळे मारत राहिली. हे सांगायला हवं, कारण नंतर इटालियन सैन्याची खूप थट्टा झाली. पण त्यांच्या हातात ७८ मिलिमीटर फोडेल असं काहीच नव्हतं. त्यांचा जनरल मालेत्ती तिथेच मारला गेला. माटिल्डांच्या मागून अकराव्या भारतीय ब्रिगेडचे कॅमेरन हायलँडर्स आणि राजपुताना रायफल्स आत आले. काही तासांत निबेइवा संपलं. दोन हजारांवर कैदी. त्याच दिवशी पुढची छावणी, दुसऱ्या दिवशी सिदी बरानी.

पाच दिवसांची धाड म्हणून आखलेली ही मोहीम दोन महिने चालली आणि शेवटी १,३०,००० च्या वर इटालियन कैद झाले. माटिल्डाला नाव पडलं 'वाळवंटाची राणी'.

पण थांबा. या मोहिमेचा शेवट कसा झाला हे फार लोक सांगत नाहीत. फेब्रुवारी १९४१ मध्ये इटालियन सैन्य किनाऱ्याच्या रस्त्याने पळत सुटलं, तेव्हा त्याचा रस्ता बेदा फोम्मला अडवला तो हलक्या, वेगवान रणगाड्यांनी आणि चिलखती मोटारींनी, वाळवंट आडवं कापून. राणी तिथे नव्हतीच. डिसेंबरात पन्नासच्या आसपास असलेल्या माटिल्डांपैकी जानेवारीच्या सुरुवातीला बार्डियाच्या लढाईला २३ उरल्या होत्या. बऱ्याचशा शत्रूने मारल्याच नाहीत. सुरुंगांवर साखळ्या तुटल्या, इंजिनं थकली, गिअर गेले. २७ टन स्वतःच्या पायांनी वाळूतून शेकडो किलोमीटर चालवले तर दुसरं काय होणार? दार फोडलं माटिल्डाने, पळणाऱ्याला पकडलं दुसऱ्यांनी.

गेममध्ये हे दिसतच नाही. गेममध्ये डिझेल संपत नाही, साखळी १०-१५ सेकंदांत दुरुस्त होते, पुलाला वजन झेपत नाही असं होत नाही आणि प्रत्येक मॅचला रणगाडा शोरूममधून आल्यासारखा. जड रणगाड्याचं जे खरं दुखणं, म्हणजे लढाईच्या जागेपर्यंत पोचणं, ते गेमने फुकटात बरं करून टाकलंय.

*

मधल्या काळात एक डोंगरी मॅच झाली, ती सांगतो कारण ती मराठी माणसाला माहीत असायला हवी. चौथी भारतीय डिव्हिजन सिदी बरानीहून उचलून सुदानमार्गे इरिट्रियात पाठवली. पाचवी भारतीय डिव्हिजन तिथे होतीच. समोर केरेन, डोंगरांच्या भिंतीमागचं गाव. आत जायला एकच घाट, आणि इटालियनांनी कडे सुरुंगाने उडवून तो बुजवून टाकलेला. काही माटिल्डा इथेही आणल्या होत्या. पण करणार काय? दरडीवरून २७ टन चढत नाहीत.

मग चढली ती माणसं. १५ मार्च १९४१ च्या संध्याकाळी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीने 'पिनॅकल' नावाचं शिखर घेतलं, त्यामुळे दुसऱ्या सकाळपर्यंत डोलोगोरोडोकचा किल्ला हाती आला. त्यानंतर सॅपर्सनी घाटातली दरड मोकळी केली आणि २७ मार्चला माटिल्डा आत गेल्या. म्हणजे ज्या रणगाड्याने पायदळाला वाट करून द्यायची, त्याला इथे पायदळाने वाट करून दिली. सह्याद्रीत वाढलेल्या पोरांनी आफ्रिकेतला घाट चढून. रणगाड्याचं चिलखत तेवढंच होतं, तोफ तीच होती. मॅप बदलला, एवढंच.

*

आता तिसरी मॅच. ही सांगताना गंमत करवत नाही.

फेब्रुवारी १९४१ मध्ये रोमेल आफ्रिकेत उतरला. जूनपर्यंत तो इजिप्तच्या सरहद्दीवर हलफाया खिंडीत बसला होता. तिथला कमांडर कॅप्टन विल्हेल्म बाख, एकेकाळचा पाद्री. त्याच्याकडे मोजक्याच ८८ मिलिमीटरच्या तोफा होत्या, पण त्या जमिनीत अशा खोल पुरल्या होत्या की नळी तेवढी वाळूच्या वर. वाळवंटातल्या सकाळच्या धुरकट हवेत ती दिसणं अशक्य.

१५ जून १९४१. ऑपरेशन बॅटलॲक्स. खिंडीच्या वरच्या अंगाने चौथ्या रॉयल टँक रेजिमेंटच्या डझनभर माटिल्डा निघाल्या. खालून, समुद्राच्या बाजूने, अकरावी भारतीय ब्रिगेड. हो, निबेइवाचीच. आता त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटणही होती. आणि या सगळ्यावर कमांडर कोण? जनरल बेरेसफर्ड-पीर्स, ज्याने निबेइवाला चौथ्या भारतीय डिव्हिजनचं नेतृत्व केलं होतं. तीच ब्रिगेड, तोच जनरल, तोच रणगाडा. मध्ये फक्त सहा महिने.

८८ चा गोळा माटिल्डाचं चिलखत एक किलोमीटरहून जास्त अंतरावरून फोडायचा. माटिल्डाचा एक किलोचा भरीव गोळा त्या अंतरावरून वाळूत पुरलेल्या तोफेला काय करणार? तोफेच्या मागे उभ्या सहा-सात माणसांना पांगवायला फुटणारा गोळा लागतो. तो नव्हता. 'ते काम तोफखान्याचं', पण रणगाडे निघाले तेव्हा तोफखान्याची मदत वेळेवर मिळाली नाही. मशीनगन त्या अंतरावर निरुपयोगी. मग दोनच पर्याय: मागे पळा किंवा पुढे धावून तोफेवर जाऊन आदळा. ताशी १५ किलोमीटरने एक किलोमीटर म्हणजे चार मिनिटं. चार मिनिटांत सरावलेले तोफची किती गोळे मारतात याचा हिशेब करू नका, मी केला आणि पुढचं पान वाचवेना. खिंडीच्या वर गेलेल्यांपैकी एक सोडून जवळजवळ सगळ्या माटिल्डा तिथेच जळाल्या. खालच्या बाजूला मराठे आणि राजपुताना रायफल्सबरोबरच्या माटिल्डा सुरुंगांवर अडकल्या, आणि रणगाड्यांशिवाय त्या खडकांवर पायदळ पुढे जाऊ शकलं नाही.

तीन दिवसांत ब्रिटिशांचे ९१ रणगाडे गेले, त्यात ६४ माटिल्डा. जर्मनांनी कायमचे गमावले १२ च्या आसपास. सैनिकांनी हलफायाचं नाव बदलून 'हेलफायर' केलं.

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. १७ जूनला जर्मन रणगाडे वळसा घालून मागून आले आणि ब्रिटिश पायदळ कोंडीत सापडायची वेळ आली, तेव्हा उरलेल्या माटिल्डांनीच मध्ये उभं राहून कित्येक तास त्यांना रोखलं आणि पायदळ बाहेर पडलं. तिथे पळायचं नव्हतं. उभं राहायचं होतं. ते तिला येत होतं.

*

आता इतकं वाचल्यावर माझ्या डोक्यात जे बसलं ते सांगतो.

गेममध्ये आपण जड रणगाड्याकडे दोन स्लायडर म्हणून बघतो. चिलखत वाढवलं, वेग घटला, हिशेब बरोबर. आणि गेमला ते बरोबर ठेवावंच लागतं. तुमच्यापुढे तुमच्यापेक्षा फार तर दोन टियर वरचा रणगाडा येतो, दोन्ही बाजूंना माणसं सारखी, कारण नाहीतर लोक चिडून गेम अनइन्स्टॉल करतील.

युद्धात मॅचमेकिंग नसतं. उलट दोन्ही बाजूंच्या सेनापतींचा सगळा आटापिटा मॅच असमान कशी होईल यासाठीच असतो. ओकॉनरने माटिल्डासमोर असा शत्रू आणला ज्याच्याकडे तिला फोडायला काहीच नव्हतं, आणि आणला तो मागच्या दाराने. बाखने अशी जागा निवडली जिथे माटिल्डाकडे त्याला मारायला काहीच नव्हतं. दोन्हीकडे खरी लढाई पहिला गोळा सुटायच्या आधीच झाली होती.

आणि इथे वेगाचा खरा अर्थ कळतो. मला वाटायचं वेग म्हणजे लवकर पोचणं. तो आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वेग असेल तर लढाईला नाही म्हणता येतं. हलका, पातळ रणगाडा ८८ समोर आला तर तोही मरतो, पण एखाद्या वेळी तो वळून धुळीत दिसेनासा होऊ शकतो. माटिल्डाला ती सोय नाही. एकदा जिथे पाठवली तिथलं भोगायचं. म्हणजे तिच्यासाठी 'नाही' हे आधीच, नकाशावर, तंबूत बसलेल्या कुणीतरी म्हणायला हवं होतं. निबेइवाला त्या माणसाने अभ्यास केला होता. हलफायाला घाई होती. लंडनहून लवकर हल्ला करा म्हणून चर्चिलचा धोशा होता आणि समोर नक्की काय पुरून ठेवलंय याचा नीट पत्ता नव्हता. चुकीचा निर्णय तंबूतला आणि किंमत २७ टनांच्या डब्यातल्या चौघांनी, आणि बाजूच्या खडकावर झोपून राहिलेल्या सातारा-रत्नागिरीकडच्या पोरांनी मोजली.

कुणी म्हणेल, मग माटिल्डा १९४१ लाच कालबाह्य झाली. वाळवंटात झाली खरी. १९४२ च्या मध्यानंतर ब्रिटिशांनी तिला रणगाडा म्हणून लढवलं नाही; अल आलामीनला ती पुढे साखळ्या आपटत सुरुंग फोडणारं यंत्र म्हणून गेली. रशियाला हजारभर माटिल्डा पाठवल्या होत्या. तिथे १९४१-४२ च्या हिवाळ्यात चाकांवरच्या झाकणांत चिखल आणि बर्फ अडकून गोठायचा, आणि फुटणारा गोळा नाही म्हणून रशियनही वैतागले. पण ऑस्ट्रेलियन सैन्याने हीच माटिल्डा न्यू गिनी, बोगनव्हिल आणि बोर्निओच्या जंगलात १९४५ पर्यंत वापरली, आणि आवडीने! का? जंगलात वीस-तीस मीटरच्या पलीकडे दिसतच नाही, मग एक किलोमीटरवरून मारणार कोण? जपान्यांकडे ८८ सारखं काही फारसं नव्हतं. आणि त्या झाडीत कुणीच ताशी १५ च्या वर जाऊ शकत नव्हतं. पायदळाच्या बरोबर चालणारी, बंकरच्या तोंडाशी जाऊन उभी राहणारी. जिच्यासाठी ती जन्मली तेच काम तिला दहा हजार किलोमीटरवर जाऊन मिळालं. युद्धाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सेवेत राहिलेला हा एकमेव ब्रिटिश रणगाडा.

म्हणून आता कुणी विचारलं की हेवी टँक चांगला की वाईट, तर मी विचारणार, कुठे आणि कोणासमोर? आणि तिथे त्याला पाठवतंय कोण?

*

आता नगरचं. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिघं स्विफ्टमधून नगरला (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालय बघायला गेलो होतो. सैन्याच्या चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने १९९४ साली सुरू केलेलं. मोकळ्या आवारात ओळीने रणगाडे उभे आहेत: चर्चिल, व्हॅलेंटाइन, सेंच्युरियन, आपला विजयंता, पाकिस्तानकडून जिंकून आणलेले पॅटन. आणि त्यात एक माटिल्डा. पुण्याहून नगर १२० किलोमीटर, म्हणजे माटिल्डाला बरोब्बर पाच तास, तेही वाटेत बिघडली नाही तर. त्या दिवशी वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये आमचा वेग बघून न्यू जर्सीवाला (तेव्हा तो इथेच होता) म्हणाला होता की माटिल्डाने आलो असतो तरी चाललं असतं. तेव्हापासून मी उशिरा पोचलो की नगर निघतं.

त्या वेळी मी माटिल्डाशेजारी उभा राहून फोटो काढला होता, हात चिलखतावर टेकून, गेममधल्या पोझमध्ये. उन्हाने पोलाद तापलं होतं आणि हात लगेच काढून घ्यावा लागला. परवा तो फोटो पुन्हा काढून बघितला. ड्रायव्हरची जागा पुढे मधोमध, एक बारीकशी फट. त्यातून हलफायाची वाळू किती दिसली असेल?

या शुक्रवारी पुन्हा जमलो. बंगळुरूवाल्याने विचारलं, "आज काय घेतोस?" म्हटलं, माटिल्डा. हेडफोनमध्ये दोन मोठे उसासे. मग मी त्यांना निबेइवा आणि हलफाया सांगितलं, मॅच लोड व्हायच्या आत, भराभर. दोघं गप्प. मग बंगळुरूवाला म्हणाला, "बरं, मॅप आला की आधी ठरवू तुला कुठे ठेवायचं. मी पुढे जाऊन बघून येतो काय पुरलंय ते. तू मध्येच कुठे निघू नकोस."

हरलोच. पण या वेळी मी बेसजवळ होतो.